शंभर व्होल्टची तार

लाऊडस्पीकरच्या पाठीमागे ‘८ ओहम’ असे छापलेले असते. मल्टिमीटर लावला तर सहाच्या आसपास दिसतात, आणि आवाज सुरू झाला की हा आकडा एका जागी राहतच नाही. स्पीकरचा कोन ज्या कंपनसंख्येला आपसूक डोलतो, तिथे तो तीस-चाळीस ओहमपर्यंत चढतो. ती पट्टी ओलांडली की पुन्हा सहा-सातवर उतरतो, आणि उंच स्वरांकडे कॉइलचे वेटोळे आडवे येऊन परत वाढू लागतो. शिवाय व्होल्टेज आणि करंट यांची पावलेही जुळत नाहीत: कधी करंट मागे राहतो, कधी पुढे धावतो. घेतलेल्या ऊर्जेचा काही भाग स्पीकर क्षणभर साठवून ॲम्प्लिफायरकडे परत धाडतो. अशा भाराला रिॲक्टिव्ह लोड म्हणतात. मध्ये शंभर-दोनशे मीटर तार आली की तिचा रोध आणि तिच्या दोन पदरांमधली कपॅसिटी हेही त्या भारात मिसळतात.

हाय-फायच्या शौकिनांनी या विषयावर पुष्कळ लिहिले असले, तरी महाराष्ट्रात या भाराशी रोजची झुंज घेतली ती माईकवाल्यांनी. जत्रा, सभा, कीर्तनसप्ताह, तमाशाचे फड, टुरिंग टॉकीजचे तंबू ही त्यांची रणभूमी. बीडच्या दक्षिणेला मांजरसुंब्याजवळ बालाघाटच्या दरीत असलेले कपिलधार हे अशा जागेचे चांगले उदाहरण आहे. तिथे मन्मथस्वामींची समाधी आहे. ‘परमरहस्य’ या त्यांच्या मराठी ग्रंथाची पारायणे वीरशैव लिंगायत घरांत होत असतात. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि पलीकडच्या कर्नाटक-तेलंगणातून भाविक येतात, कित्येक दिंड्यांनी पायी येतात. ध्वनीच्या दृष्टीने जागा अवघड आहे. धबधब्याचा एकसुरी आवाज तिथे आधीच असतो, डोंगराच्या कडा शब्द परत फेकतात आणि माणसे मंदिरापासून वरच्या रस्त्यापर्यंत पांगलेली असतात. एकाच ठिकाणी प्रचंड आवाज सोडला तर जवळच्यांचे कान बसतात आणि लांबच्यांना शब्दांऐवजी घुमणारा प्रतिध्वनी मिळतो. वाटेवर ठिकठिकाणी लहान कर्णे लावून प्रत्येकाला बेताचा आवाज देणे हाच खरा उपाय, आणि तो करायचा म्हणजे लांब तार ओढणे आले.

लाऊडस्पीकर भारतात पोचला तो फार उशिरा नाही. अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी कोनाच्या स्पीकरचे आजचे रूप १९२५ मध्ये मांडले. मुंबईचे रेडिओ केंद्र १९२७ च्या जुलैत सुरू झाले, ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये बोलू लागला आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. मैदानी सभांचा आवाज हा मात्र वेगळाच धंदा होता. त्यात सिंधमधून येऊन मुंबईत स्थिरावलेल्या मोटवानी कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’चे नाव मोठे झाले. स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांच्या छायाचित्रांत गांधी-नेहरूंच्या पुढ्यातल्या माईकवर हे नाव दिसते. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्याला लागणाऱ्या साहित्याच्या संदर्भातही नानिक मोटवानी यांचे नाव येते. दिल्लीत १९४० मध्ये निघालेल्या अहुजा कंपनीची मशीने पुढे गावोगाव पोचली. माईकवाल्याच्या तोंडी ॲम्प्लिफायर म्हणजे ‘मशीन’ आणि कर्ण्याच्या बुडाशी बसवायचा स्पीकर म्हणजे ‘युनिट’.

सुरुवातीची मशीने व्हॉल्व्हची होती. व्हॉल्व्हला तीन-चारशे व्होल्ट लागतात आणि तो करंट थोडा देतो. स्पीकरला नेमके उलट हवे असते: व्होल्ट कमी, करंट जास्त. म्हणून दोघांच्या मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर अपरिहार्य. हा जड लोखंडी ठोकळा मध्ये होताच, तेव्हा त्याच्यावर एक जादा वेटोळे घालून शंभर व्होल्टचे टोक बाहेर काढणे सोपे होते. लांब तारांसाठी युरोपात आणि भारतात हीच पद्धत रूढ झाली; अमेरिकेत सत्तर व्होल्टची झाली. दूरवर वीज नेताना व्होल्टेज वाढवतात, त्यातलेच हे तत्त्व. प्रत्येक कर्ण्यापाशी एक छोटा लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर बसवायचा आणि तो शंभर व्होल्ट पुन्हा युनिटच्या मापाला उतरवतो.

यात किती वाचते हे आकड्यांनीच पाहावे. मशीनपासून कर्णा २०० मीटरवर आहे आणि तार १ चौरस मिलिमीटर तांब्याची आहे असे धरू. जाऊन-येऊन ४०० मीटर तार, तिचा रोध जवळजवळ ७ ओहम. कर्णा ८ ओहमचा आणि त्याला ३० वॅट पोचवायचे म्हणून मशीनने साडेपंधरा व्होल्ट सोडले, तर वाटेतच निम्म्याच्या आसपास व्होल्टेज संपते आणि कर्ण्याला कसेबसे पावणेनऊ वॅट मिळतात. उरलेल्यात तार तापते. हाच कर्णा शंभर व्होल्टच्या लाइनवर ट्रान्सफॉर्मरच्या ३० वॅटच्या टॅपला, म्हणजे तेवढीच शक्ती घेणाऱ्या टोकाला, जोडला तर मशीनला तो ३३३ ओहमचा दिसतो. त्यापुढे तारेचे सात ओहम नगण्य ठरतात आणि नुकसान चार टक्क्यांच्या आसपास राहते. जत्रेत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची, जागोजाग पीळ मारून टेप गुंडाळलेली तार असे. तीही या पद्धतीत खपून जाई.

व्हॉल्व्हच्या मशीनचा एक स्वभाव नवख्याला चक्रावून टाकणारा होता. त्याच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर ते काही काळ सोसे. व्हॉल्व्हच्या प्लेटी तांबारत, पण आवाज बंद पडल्याचे लक्षात येऊन बटण फिरवायला सवड मिळे. उलट लाइन तुटून मशीन मोकळे राहिले आणि माईकवर कीर्तन रंगात आलेले असले, तर घात. पेंटोड जातीचा व्हॉल्व्ह भार असो-नसो करंट ढकलत राहतो. त्या करंटला कर्ण्यांकडे वाट नसली की ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यात व्होल्टेज चढत जाते, ते हजाराच्या पुढे जाऊ शकते, आणि मग व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते किंवा वेटोळ्याच्या थरांमधला कागद जळतो. बैलगाडीच्या साट्यात अडकून खांबावरची तार ओढली गेली, एवढ्याने रात्रभराची सोय बुडू शकत होती. एक कर्णा मशीनच्या अगदी जवळ, वेगळ्या तारेवर ठेवण्यात म्हणूनच शहाणपण होते: मुख्य लाइन गेली तरी मशीनला काहीतरी भार राहतो.

वीज नसलेल्या गावांचा प्रश्न निराळा होता. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्य वीज मंडळाची स्थापनाही १९६० चीच, आणि त्यानंतरही खेड्यांत तारा पोचायला बरीच वर्षे लागली. तोपर्यंत मशीन मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चाले. बॅटरीचा सरळ प्रवाह ट्रान्सफॉर्मरला चालत नाही, म्हणून व्हायब्रेटर नावाची कंप पावणारी पट्टी तो सेकंदाला शंभरेक वेळा तोडून-जोडून देई. मशीनच्या पोटातून तिची घरघर ऐकू येई. ट्रान्झिस्टर आल्यावर ती गेली. ट्रान्झिस्टर बारा व्होल्टवर खुशीने काम करतो, पण बारा व्होल्टांत ८ ओहमच्या स्पीकरला थेट दोन-सव्वादोन वॅटच मिळतात. त्यामुळे बॅटरीच्या मशीनमधून व्हॉल्व्ह गेले तरी ट्रान्सफॉर्मर जागचा हलला नाही.

घरगुती आणि नाट्यगृहांच्या ॲम्प्लिफायरमधून मात्र १९६० आणि १९७० च्या दशकांत ट्रान्सफॉर्मर हद्दपार झाला. इथे रिॲक्टिव्ह लोडचा विषय खऱ्या अर्थाने पुढे आला, कारण ट्रान्झिस्टर आता थेट स्पीकरशी जोडलेला होता. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातला पासोड्या विठोबाजवळचा बाजार इथून सुटे भाग आणून हजारो ॲम्प्लिफायर जुळवले गेले, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पाठीवर ‘२एन३०५५’ हा ट्रान्झिस्टर ॲल्युमिनियमच्या पंख्यांवर स्क्रूने आवळलेला असे. मूळ अमेरिकेच्या आरसीए कंपनीचा. सोसण्याची मर्यादा ६० व्होल्ट, १५ ॲम्पियर, ११५ वॅट. एवढे आकडे पाहिले की तो काहीही पेलेल असे वाटते. तसे नव्हते.

समजा ॲम्प्लिफायरला अधिक-उणे ३० व्होल्टचा पुरवठा आहे. नुसत्या ८ ओहमच्या रोधावर व्होल्टेज आणि करंट बरोबर चढतात, बरोबर उतरतात. स्पीकरकडे व्होल्टेज शून्य असते तेव्हा करंटही शून्य, म्हणजे ट्रान्झिस्टरवर सगळे ३० व्होल्ट पडलेले असले तरी त्यातून काही वाहत नाही. सर्वांत वाईट क्षण मध्यावर येतो, आणि तेव्हाही ट्रान्झिस्टरमध्ये २८ वॅटच जिरतात. आता त्याच आठ ओहमचा पण निव्वळ रिॲक्टिव्ह भार जोडला तर पूर्ण करंट नेमका व्होल्टेज शून्य असताना वाहतो. ३० व्होल्ट गुणिले पावणेचार ॲम्पियर, म्हणजे ११२ वॅट. थोडे पुढे-मागे, ट्रान्झिस्टरवर ४५ व्होल्ट आणि त्यातून सव्वातीन ॲम्पियर असा क्षण येतो, तेव्हा १४६. पाचपट! खरा स्पीकर कधी पूर्ण नव्वद अंश सरकत नाही, पण पंचेचाळीस अंश ही नेहमीची गोष्ट आहे, आणि तेवढ्यानेही क्षणिक उष्णता पावणेतीनपट होते. त्यात ट्रान्झिस्टरला आणखी एक खोड असते. व्होल्टेज जास्त असताना करंट वाढला की तो चकतीभर पसरून न वाहता एका बिंदूपाशी गोळा होतो, तिथले सिलिकॉन वितळते आणि काही कळायच्या आत ट्रान्झिस्टर आरपार शॉर्ट होतो. हात लावून पाहावे तर पंखा कोमटच.

शॉर्ट ट्रान्झिस्टर पुरवठ्याचे सगळे व्होल्टेज स्पीकरवर सोडतो आणि मग कॉइलही जळते. ‘स्पीकर खराब होता म्हणून मशीन गेले’ की ‘मशीन गेले म्हणून स्पीकर जळला’, हा वाद दुरुस्तीच्या दुकानांत कधी मिटला नाही. दोन्ही बाजूंना पुरावा होता. फ्यूजने यात मध्यस्थी करावी अशी अपेक्षा असे, पण फ्यूज ट्रान्झिस्टरपेक्षा कितीतरी संथ, आणि एकदा उडाला की त्याच्या जागी विजेच्या वायरीतला एखादा पदर गुंडाळण्याची पद्धतच पडून गेली होती.

कंपन्यांनी यावर संरक्षक सर्किट काढले: ट्रान्झिस्टरवरचे व्होल्टेज आणि करंट दोन्ही पाहून मर्यादा ओलांडली की आवाज छाटणारे. रोधावर चाचणी घेताना ते निर्दोष दिसे. पण स्पीकरवर, व्होल्टेज-करंटची पावले चुकलेली असताना, ते नको तिथे जागे होई. अशा क्षणी स्पीकरच्या कॉइलमधला करंट एकाएकी तुटतो, कॉइल उलटा फटका देते आणि गाण्यात ‘टक्’ असा टोचणारा आवाज उमटतो. फिनलंडचे मॅट्टी ओटाला यांनी १९८७ मध्ये बाजारातले स्पीकर घेऊन दाखवले की विशिष्ट आकाराच्या सिग्नलला काही स्पीकर ८ ओहमच्या रोधापेक्षा सहापटीहून अधिक करंट क्षणभर मागतात. संगीतात असा सिग्नल किती वेळा येतो यावर मतभेद राहिले. तरीही कागदावरच्या वॅटपेक्षा करंट देण्याची ताकद पाहायला हवी, हे त्यानंतर मान्य झाले.

तारेचा त्रास दुसऱ्या बाजूनेही होतो. १९२७ मध्ये हॅरल्ड ब्लॅक यांनी निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना काढली, म्हणजे बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून आत घालायचा आणि चूक सुधारायची. ही सुधारणा वेळेत पोचली तरच सुधारणा. टोकाला जोडलेली तार कपॅसिटरसारखी वागू लागली की अतिउच्च कंपनसंख्येला फीडबॅक उशिरा पोचतो, चूक कमी होण्याऐवजी वाढते आणि ॲम्प्लिफायर स्वतःच कानाला न ऐकू येणाऱ्या स्वरात ओरडू लागतो. ऐकणाऱ्याला आवाज किंचित खरखरीत वाटतो एवढेच. पंखे मात्र विनाकारण भाजू लागतात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात परदेशात बारीक तारांची घट्ट वेणी घातलेल्या महागड्या स्पीकर केबल निघाल्या, त्यांच्या जादा कपॅसिटीने काही नामांकित ॲम्प्लिफायर जळाले. यावरचा उपाय स्वस्त होता: बाहेर जाणाऱ्या तारेत काही मायक्रोहेन्रीची छोटी कॉइल, बहुधा एका जाड रेझिस्टरच्या अंगावरच गुंडाळलेली, आणि टोकाशी दहा ओहम व ०.१ मायक्रोफॅरडची जोडी. या जोडीला बेल प्रयोगशाळेतल्या झोबेल यांचे नाव आहे, आणि कॉइलसकट सगळ्याचे नेटके गणित ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९७५ मध्ये मांडले. गावठी बनावटीच्या ॲम्प्लिफायरमध्ये खर्च वाचवताना पहिली काट याच चार भागांवर बसे.

इकडे कर्ण्यांच्या लाइनवर रिॲक्टिव्ह भाराचे रूप वेगळेच होते, आणि हाय-फायच्या पुस्तकांत त्याला फारशी जागा नाही. लाइन ट्रान्सफॉर्मरचा गाभा लहान असतो. स्वर जितका खालचा, तितके त्याच व्होल्टेजला गाभ्यात चुंबकत्व जास्त साठते. २०० हर्ट्झच्या मानाने ५० हर्ट्झला चौपट. एका मर्यादेनंतर लोखंड भरून जाते, वेटोळ्याचा अडथळा नाहीसा होतो आणि उरतो तो तांब्याच्या तारेचा काही दशक ओहम रोध. असे दहा ट्रान्सफॉर्मर एका लाइनवर असले तर शंभर ओहम अपेक्षिणाऱ्या मशीनला खालच्या स्वरांत पाच-सहा ओहम दिसतात. भाषण आणि प्रवचन चालू असते तोवर काही बिघडत नाही, कारण माणसाच्या बोलण्यात इतके खालचे स्वर फारसे नसतात. पखवाजाची थाप, ढोल किंवा सिनेमाचे गाणे लागले की मशीन धापा टाकू लागते. कर्ण्यालाही हे स्वर नकोच असतात. त्याच्या लांबी-रुंदीने ठरलेल्या पट्टीखाली कर्ण्यातली हवा पडद्याला धरून ठेवत नाही, पडदा मोकळा सुटून हेलकावे खातो आणि फाटतो. म्हणजे युनिट गेले. यावर तोडगा एका कपॅसिटरचा: ३०० हर्ट्झच्या खालचे अडवायचे तर ८ ओहमच्या युनिटला ६६ मायक्रोफॅरडच्या आसपासचा, आणि तोच शंभर व्होल्टच्या बाजूला लावायचा तर ३० वॅटच्या टॅपला अवघा १.६ मायक्रोफॅरडचा.

१९९० नंतर लग्न-मिरवणुकांत आणि गणेशोत्सवात अठरा इंची स्पीकरच्या भिंती आल्या आणि शंभर व्होल्टची लाइन मागे पडली. खालचे स्वर हाच आता मुख्य माल होता, आणि ते ट्रान्सफॉर्मरमधून जाणार नव्हते. करंटचा जुना प्रश्न मग दुप्पट होऊन परतला. ८ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात, आणि खोक्याच्या रचनेमुळे काही स्वरांना त्याहूनही खाली. जनरेटरच्या गाडीपासून भिंतीपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची ३० मीटर तार ओढली तर तिचा रोध ०.४ ओहम. दोन ओहमपुढे हा आकडा किरकोळ नाही: स्पीकरला पोचणारी शक्ती जवळजवळ एकतृतीयांशाने घटते. ॲम्प्लिफायर कोनाला जो लगाम घालतो, तोही सैल होतो. माहितीपत्रकात डॅम्पिंग फॅक्टर ४०० छापलेला असो, त्या तारेच्या टोकाला तो पाचच्या घरात उतरतो. शिवाय ज्या स्वरांना स्पीकर जास्त ओहम दाखवतो तिथे तार कमी खाते आणि जिथे कमी दाखवतो तिथे जास्त, त्यामुळे आवाजाचा तोलही ढळतो. ‘बेस फुगलाय’ अशी तक्रार पुष्कळदा तारेचीच असते. ॲम्प्लिफायर स्पीकरच्या खोक्यातच बसवण्याची पद्धत आल्यावर ही तार हातभर लांबीची उरली.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ मधल्या निकालाने रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी पक्की केली. सणांसाठी मध्यरात्रीपर्यंतची सूट राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस देऊ शकते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. एका कर्ण्यातून सगळ्या दरीला ऐकवायचे म्हटले तर ती मोडल्याशिवाय राहत नाही. वाटेवर वीस ठिकाणी पाच-पाच वॅटचे स्पीकर लावले तर निदान आटोक्यात ठेवता येते. कपिलधारसारख्या यात्रास्थळी, एस.टी. स्थानकावर किंवा रेल्वेच्या फलाटावर शंभर व्होल्टची पद्धत अजून योग्य ठरते ती यामुळे.

अशी लाइन तपासताना मल्टिमीटर दोन्हीकडून फसवतो. प्रत्येक ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा रोध साठेक ओहम असेल तर दहा वॅटचे दहा टॅप मिळून तो सहा ओहम दाखवतो आणि लाइन शॉर्ट आहे असे वाटते. प्रत्येक कर्ण्याला कपॅसिटर लावलेला असेल तर काहीच दाखवत नाही आणि लाइन तुटली असे वाटते. त्यासाठी १००० हर्ट्झचा स्वर सोडून मोजणारा इम्पीडन्स मीटर लागतो. दहा टॅपांची बेरीज १०० वॅट, म्हणून तिथे १०० ओहमच्या आसपास दिसायला हवेत. साठच दिसले तर बेरीज १६० वॅटच्या पुढे गेलेली आहे, म्हणजे कुठल्या तरी खांबांवर आवाज वाढावा म्हणून टॅप बदललेले आहेत. ते शोधून मूळ जागी आणल्याखेरीज १०० वॅटचे मशीन लाइनवर घालू नये.